पिन काढून पाहिली असती तर

१३ जाने.
कोर्टात पहिलीच साक्ष. पोलिसांनी तुटकी पिन आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये पाठवली, मी तपासली, म्हणून तज्ज्ञ मी. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडणारी ही पिन तुटली, मागची ट्रॉली सुटून एका स्कूटीवर गेली. स्कूटीवरच्या बाई गेल्या. ट्रॅक्टरचालक धनाजी आरोपी. निष्काळजीपणा ठरला तर तुरुंग.
मी सांगितलं: तडा जुना. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग गंजलेला, निम्मा ताजा.
सरकारी वकील: "पिन काढून पाहिली असती तर तडा दिसला असता?"
"हो."
बाहेर धनाजी म्हणाला, "ताई, हंगामात पिन काढतंय कोण? तुमीच सांगा की." मी पुढे निघाले. साक्षीदाराने आरोपीशी बोलू नये. पण का काढत नाहीत?

१९ जाने., रवि.
श्रीपूर. मामा इथे कारखान्यात आहेत. त्यांच्या ओळखीच्या अप्पांचा ट्रॅक्टर ऊस उतरवून उभा होता.
"हंगामाच्या पूजेला नारळ फोडून पिन घालायची. कारखाना बंद झाला की काढायची. मधी काढली की लक्ष्मी अडती."
शेजारचा ट्रॅक्टरवाला: "लक्ष्मी कुटली? कंटाळा म्हणा की अप्पा."
"तू गप. तुझी गंजून बसलीया, घणानं बी निघायची न्हाय."
मी नवी पिन नेली होती. बदल्यात जुनी मागितली. अप्पा मामांना म्हणाले, "भाची लई चिकट हाय तुमची." पण काढली. आधी हात जोडले.
ग्रीस पुसलं. भर उन्हात फिरवून पाहिली. काही नाही.
"काय दिसतंय?"
"काहीच नाही."
"मग काढायला कशाला लावली?"

२१ जाने.
लॅब. अप्पांच्या पिनला तड्यात मुरणारा लाल द्रव लावला, पुसला, वर पांढरी पावडर. थोड्या वेळाने पिनच्या डोक्याखाली लाल रेघ उमटली, म्हणजे तडा. जवळजवळ अर्धा वेढा.
मामांना लगेच फोन: बाकीच्यांनाही पिना बदलायला सांगा.
रविवारी मी तडाच शोधत होते, तरी दिसला नाही. कोर्टात उत्तर दिलं ते तुटलेली पिन पाहून. न तुटलेल्या पिनमधला मिटलेला तडा मी पाहिलाच नव्हता.

२३ जाने.
सात रस्ता चौकाजवळ सरकारी वकिलांचं ऑफिस. सगळं सांगितलं.
"मॅडम, तुम्ही आमच्या साक्षीदार आहात."
"उत्तर चुकलंय."
"एका पिनवरून?"
बरोबर विचारलं. एका पिनवरून ठरत नाही.
"समोरचा वकील विचारेल, तेव्हा चुकलात की आत्ता? आणि त्या बाईंचा नवरा दर तारखेला मागच्या बाकावर असतो. त्याला काय सांगू?"
तरी उत्तर दुरुस्त करायचंय, म्हटलं. मला परत बोलावण्याचा अर्ज ते देणार आहेत. नाखुशीने.

३० जाने.
अर्जावर निर्णय पुढच्या तारखेला.
मी मागितल्यावरून मामांनी कारखान्याच्या यार्डातल्या जुन्या पिनांचं पोतं एसटीने पाठवलं. निरोप: "अप्पा विचारतायत, भंगाराचं दुकान काढलंय का?"
प्रत्येक पिन आधी नुसत्या डोळ्यांनी, मग द्रव लावून. पहिलीचा तडा डोळ्यांनीच दिसला, स्पष्ट. दुसरीचा द्रवाशिवाय नाही. तिसरीला तडाच नाही. चौथीचा पुन्हा डोळ्यांना दिसला.
धनाजीची यांतल्या कुठल्या पिनसारखी, तडा डोळ्यांना दिसणारी की न दिसणारी? तिचे दोन तुकडे कोर्टात जमा आहेत; तपासताना काढलेले त्यांचे फोटो समोर ठेवून पाहिले, जुळवूनही पाहिले. तडा मिटलेला असताना कसा दिसत असेल ते त्यावरून कळत नाही.
पोतं अजून अर्ध्याहून जास्त भरलेलं आहे.