दिवेलागणीची आरोळी

पौष शु. ९, औराद
कचेरीत इंग्रजी कागद आला. तहसीलभर इंग्रजी वाचणारा मुतर्जिम, म्हणजे भाषांतरकार, मी एकटाच, म्हणून तर्जुमा माझ्याच गळ्यात. डाक बंगल्यात उतरलेल्या म्हाताऱ्या इंजिनेर साहेबाची तक्रार. परवा दिवेलागणीनंतर नाक्याजवळच्या जोंधळ्यातून कुणीतरी तीनदा ‘हॅलू’ केलं, त्यानं नेम धरलेली काळविटं उधळली. एरवी हसलो असतो. पण त्याच संध्याकाळी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्याचे कागद कुणीतरी पेटवले. आणि नाक्याला लागून जोंधळा आहे तो आमच्या नरसिंग दाजींचा. माझ्या बहिणीचं, अक्काचं कुंकू अन् माझी नोकरी, दोन्ही ह्या एका शब्दात अडकलीत.

शु. १०
पोलिसाचे अमीनसाहेब टेबलाशी उभेच. “हॅलू मंजे क्या? नारा?” म्हटलं, जुना शब्द आहे, कोश बघून सांगतो. कोशात दोन अर्थ. शिकारी कुत्र्यांना चेव आणायला ओरडणे. लांबच्या माणसाला मोठ्यानं हाक मारणे. हल्ली कुणी बोलत न्हाई, जुनी पुस्तकं वाचलेली म्हातारी माणसंच बोलतात. ‘लांबच्या माणसाला’वर शाईचं बोट ठेवून बसलो. हे लिहिलं की कागद जाळणाऱ्यांना इशारा ठरणार अन् दाजी आत.
लिहिलं : पाखरं हाकलायला ओरडला. अमीन शहरातला, मान डोलावली. चपराशी मारुती मागं उभा होता. हा इथल्याच शिवारातला. बाहेर गाठून म्हणतो, “सायेब, दिवे लागल्यावर कुठली वं पाखरं? ती तर झाडावर जाऊन बसत्यात.” आणि हसला. का हसला?

शु. १२
अक्काकडं गेलो. दाजी शेतात राखणीच्या माळ्यावर, गोफण मांडीवर.
“दाजी, खरं सांगा. दिवे लागल्यावर कामून वरडलाव?”
“पाखरं होती.”
“तीन येळा?”
“लई होती.”
डोळ्याला डोळा देत न्हाईत. अक्का खाली हुरडा भाजायली होती. बोट पोळलं तरी हूं की चूं न्हाई. म्हणजे तिला ठाऊक. मलाच सांगितलं न्हाई, सरकारी चाकरीत आहे म्हणून. सख्खा भाऊ मी! फार लागलं मनाला. हुरडा न खाताच निघालो.

शु. १४
मारुती बोलला असणार. का अमीनच मुरलेला? हुकूम निघाला : नाक्याकडच्या पाची राखणदारांनी उद्या साहेबापुढं ओरडून दाखवायचं. ह्या शिवारात ज्याची त्याची आरोळी न्यारी, डोळे झाकून ओळखू येते. दुभाषा अर्थातच मी. दाजींना निरोप धाडला, घसा बसलाय म्हणा. उलट निरोप आला, “तुमी तुमचा घसा सांबाळा.” घ्या!

पौर्णिमा
पाचही जण आपापल्या माळ्यावर, आम्ही रस्त्यावर. चौघे ओरडले. साहेब पाइप ओढत राहिला. मग दाजी. तीनदा, अगदी बेंबीच्या देठापासून. अहो, जरा तरी दबून!
साहेब माझ्याकडं वळून इंग्रजीत म्हणाला, हाच तो.
अमीन, “क्या बोले?”
“बोले, इनमें कोई नहीं.” कसं तोंडातून गेलं कुणास ठाऊक.
साहेबानं पाइप झाडला. मारुती माझ्याकडं बघत होता. पाची सुटले. अक्का बांधावर पदर तोंडात धरून उभी. खोटं बोललो आणि बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

व. १
आज कचेरीत बसल्या बसल्या आठवलं आणि लेखणी खाली ठेवली. काल निघताना साहेब गाडीवानाला म्हणाला, “ठैरो मियाँ, पानी पीके चलेंगे.” अस्सल इथली बोली! उभा जन्म ह्याच मुलखात रस्ते बांधण्यात गेलाय म्हणे. म्हणजे माझं खोटं त्याला तिथंच कळलं. मग गप्प कामून बसला? मारुतीनं आज सलाम जरा जास्तच लवून केला.

व. २
साहेबाची चिठ्ठी. उद्या सकाळी बंगल्यावर या, कोश घेऊन. अमीनसाहेबांनाही बोलावलं आहे. बस, एवढंच.
चिठ्ठी मारुतीनंच आणली. घडी उघडलेली वाटली. उघडून तरी वाचणार कोण? इंग्रजी वाचणारा मी एकटाच.
अक्काला कळवलं न्हाई. दाजींना तर मुळीच न्हाई. कोश पिशवीत घातलाय. त्या पानावर माझ्या बोटाचा शाईचा डाग आहे, नेमका ‘लांबच्या माणसाला’वर. मघापासून घासतोय, निघत न्हाई.