बायच्या मुळाशी

सोमवार, ३ तारीख. दुपारी सव्वाचार.
आत्ता, या मिनिटाला माझं आयुष्य बदललं. तिचा मेसेज आला. एकच शब्द: 'बाय.' आधी माझे ओळीने बरेच मेसेज होते, ते सोडा. कॉलेजातून निघताना ती सगळ्यांना 'येते' म्हणायची. मग मलाच बाय?
ठरलं. विषय संपला. आजपासून फक्त काम. दाजींच्या फ्रेमच्या दुकानात जीव ओतायचा.
रात्री: ओतला. एक काच फुटली. काचच हलकी होती.

मंगळवार, ४.
डोकं थंड ठेवून डिक्शनरी पाहिली. बाय म्हणजे गुडबायचं शेपूट. आणि गुडबाय हे एके काळी अख्खं वाक्य होतं: देव तुझ्यासोबत असो! लोकांनी घाईघाईत बोलून त्याचा चोथा केला. म्हणजे तिने आशीर्वाद दिलाय. ज्याला तोडायचं त्याच्यासाठी कोण देवाला मध्ये घालतं?
दाजींना समजावलं. म्हणाले, "मेहुणेबुवा, मला बँकेतला शिपाईही बाय म्हणतो." शब्दांचं मूळ वगैरे दाजींना काय कळणार. चौकटी ठोकतात.

गुरुवार, ६.
बाय-बाय म्हणत पूर्वी इंग्रज बाळांना झोपवायचे. किती माया आहे बघा या शब्दात!
उद्या कॉलेजात जाऊन सरांची माफी मागणार. प्रॅक्टिकलला मला तिच्या शेजारचं टेबल दिलं नाही म्हणून मी भांडून कॉलेज सोडलं, तेव्हा चूक त्यांची होती. पण मोठं मन माझं.

शुक्रवार, ७.
गेटपर्यंत गेलो. सर मीटिंगमध्ये असणार. परत आलो.

शनिवार, ८.
तिचे वडील दुकानात आले. मला ओळखत नाहीत. फ्रेमसाठी फोटो दिला. त्यात ती, आणि शेजारी टाय घातलेला कुणीतरी. मावसभाऊ असणार. दाजी म्हणाले, "अरे, हात धरलाय त्याने." मावसभाऊ धरतात.
फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याला खिडकी कापायचं काम माझ्याकडे. महत्त्वाचं तेवढंच दिसलं पाहिजे, हे दाजींनीच शिकवलंय. मी महत्त्वाचं तेवढंच ठेवलं. कड सरळ आली. दाजी नव्हते, मीच फ्रेम ठोकून कागदात बांधून ठेवली.

सोमवार, १०.
फ्रेम न्यायला ती स्वतः आली. दाजींनी कागद सोडला. खिडकीत ती एकटी, आणि तिच्या हातावर कुणाची तरी बोटं. दाजी पांढरेफटक. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं.
म्हणाली, "लग्न ठरलंय माझं. तू मला कधी काही विचारलं होतंस का?"
खरंच, विचारायचं राहिलंच होतं. मी म्हणालो, तू बाय म्हणालीस, त्याचा मूळ अर्थ...
"सगळे ज्या अर्थाने म्हणतात, त्याच अर्थाने म्हणाले."
दाजींना म्हणाली, "येते हं काका." मला काहीच नाही. बायसुद्धा नाही.
दाजी रागावले नाहीत. नवा पुठ्ठा पुढे सरकवला, "काप," एवढंच म्हणाले.

मंगळवार, ११. बसस्टॉपवर.
नवी खिडकी कापली. दोघं मावले. त्याच्या गालाला खळी पडते, कापताना दिसली.
पोचवायला मीच जातो म्हणालो. दाजी म्हणाले, "जातो नाही, येतो म्हणावं."
तिच्या वडिलांनी फ्रेम पाहिली, छान झाली म्हणाले, पाणी विचारलं. आतल्या खोलीत ती फोनवर हसत होती. तसं हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.
निघताना येतो म्हणणार होतो. तोंडातून बाय निघालं. देव वगैरे कुणी मनात नव्हतं. बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.