सगळेच अध्यक्ष

५ जानेवारी
वाशिमहून निरोप आला. तालुक्याचा लोकशिक्षण आणि विकास आराखडा यंदा स्वयंसेवी संस्थांना सोबत घेऊन करायचा आहे. सोळा तारखेला जिल्हा कार्यालयातल्या मंजुषा मॅडम आपल्याच गावात संस्थांची बैठक घेणार आणि तिथेच तालुका समन्वयक नेमणार. समन्वयक कोण होणार हे उघड आहे. नवचेतना बहुउद्देशीय संस्थेचा मी नऊ वर्षं अध्यक्ष आहे. मंगरूळपीर तालुक्यात एवढा अनुभव कोणाकडे आहे?
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून आराखड्यावर चिंतन.

६ जानेवारी, सकाळी साडेआठ
थंडी फार. चिंतन पांघरुणातच केलं. तेही चालतं.

७ जानेवारी
आराखडा लिहून पूर्ण. चर्चेआधीच तयार असला म्हणजे चर्चेत वेळ जात नाही. चाळीस पानं. त्यातली छत्तीस प्रस्तावना.

९ जानेवारी
आवडाबाई आल्या होत्या. गावालगत त्यांचा भाजीचा मळा आहे. त्या आणि आणखी काही बायका रोज संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसून लिहा-वाचायला आणि फोनवरून पैसे पाठवायला शिकतात. शिकवते त्यांची सून राखी. म्हणाल्या, भगवंतराव, पारावर थंडी लागून राह्यली, अंधारात अक्षर दिसत नाई, तुमची अभ्यासिकेची खोली संध्याकायी द्या ना, रिकामीच तं राह्यते.
खोली रिकामी नाही, उद्घाटनाची वाट पाहते आहे, असं समजावलं. मग विचारलं, तुमच्या गटाची नोंदणी आहे का? नाही. मग ती संस्था कशी? उद्या मॅडमसमोर अशांना बसवलं तर आपलीच शोभा. प्रेमाने परत पाठवलं.

११ जानेवारी
मॅडमचा फोन. बऱ्याच संस्था यायला हव्यात म्हणाल्या. काळजीच नाही. आपल्या नात्यातच ढीगभर आहेत. साडू हरीओमच्या दोन, मेहुणा पवनची एक, मामींच्या नावावर एक (मामींना सांगायचं राहिलंय), बाकी व्याह्यांच्या. सगळ्या नोंदणीकृत. संस्थांमध्ये इतका एकोपा महाराष्ट्रात कुठे नसेल.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ घेऊन हरीओमकडे गेलो. बैठकीच्या बॅनरवर त्याचं नाव माझ्या खाली का, म्हणून तो गोड बोललाच नाही. पवनचाही फोन, भाऊजी, मले मधात कायले टाकलं? बॅनर पुन्हा छापायला दिला. आता सगळी नावं गोलात आहेत. माझं मध्यभागी, नाइलाजाने.

१६ जानेवारी, दुपारी
ग्रामपंचायतीचा हॉल गच्च. मॅडमनी विचारलं, अध्यक्ष कोण कोण? सगळे उभे राहिले. मग विचारलं, आणि सभासद? सगळे बसले. मागच्या वर्षी कोणत्या संस्थेने कोणाला काय शिकवलं, असंही विचारलं. प्रश्न जरा मोघमच होता. हरीओमने पाणी मागितलं. वेळ सावरावी म्हणून मी प्रस्तावना वाचायला घेतली. बाराव्या पानावर मान वर केली तर मॅडम नव्हत्या. फोन आला असेल.

संध्याकाळी
मॅडम पारावर होत्या. बायकांच्या घोळक्यात, सतरंजीवर मांडी घालून. तूर विकताना वजनकाटा कसा वाचायचा, कोणत्या दिवशी काय शिकायचं, मंगळवारी बाजार म्हणून सुट्टी, असला आराखडा चालला होता. प्रस्तावनेचा पत्ता नाही. मी दोनदा खाकरलो. आवडाबाई म्हणाल्या, बसा ना, जागा हाये. खुर्ची दिसेना, म्हणून उभाच राहिलो.
जाताना मॅडमनी आमच्या संस्थेच्या सचिवांची भेट मागितली. सचिव म्हणजे माझी पत्नी सुचिता. तिला हे सांगायचं राहून गेलं होतं. मॅडमनीच सांगितलं.

१७ जानेवारी
सुचिता फक्त, नऊ वर्षं? एवढंच म्हणाली. सभा बोलावण्याचा अधिकार सचिवाला असतो, हे तिने मॅडमकडून समजून घेतलंय म्हणे. चांगलंच आहे, घरात कार्यकर्ती तयार होते आहे.
बैठकीत राहून गेलेल्या समन्वयकपदाचा फोन नाही. रेंज खराब.

१९ जानेवारी
मॅडमचा फोन आला, पण राखीला. समन्वयक तीच.
दुपारी आमच्या संस्थेची सभा झाली. स्थापनेपासूनची पहिली. आमच्याच स्वयंपाकघरात. खजिनदार पवन, सदस्य मामी, निमंत्रित आवडाबाई. विषय एकच, अभ्यासिकेची खोली. मी अध्यक्षीय भाषणाला उभा राहिलो, तर सुचिता म्हणाली, मतदान चालू हाये, बसा. ठराव मंजूर. विरोधी मत एक, माझं.
मग सगळे किल्ली मागू लागले. किल्ली सापडेना. कपाट उपसलं, सदऱ्यांचे खिसे उलटे केले. जरा बरंही वाटलं, खरं सांगायचं तर. किल्लीशिवाय ठराव काय करणार?
आवडाबाई शांतपणे म्हणाल्या, कुलूप कुठी हाये तिले, नुसती कडी हाये. आमी केव्हाच बसलो असतो. तुमाले इचारल्याबिगर कसं बसाव, म्हनून आलो होतो.
आता सात वाजलेत. खोलीत दिवा दिसतो आहे. सुचिताही तिकडेच गेली आहे. जेवण झाकून ठेवलंय म्हणाली.