वाटाण्यांवर पडलेलं हिम

तीर्थरूप आत्या,

तुम्हाला साष्टांग नमस्कार, आणि तुमच्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा, कारण डावा उजव्याचं ऐकत नाही असं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं होतं. एव्हाना त्यांच्यात समेट झाला असावा. नव्या चष्म्यातून माझं अक्षर दिसतंय की नाही तेही कळवा. (दिसत नसेल तर दोष चष्म्याचा नाही, हे तुम्ही माझ्या वह्यांवर सात वर्षं लाल शाईने लिहीत आलात.) मी ठीक आहे. वजन थोडं उतरलं आहे, पण ते उतरायलाच हवं होतं.

पत्रास कारण असं, की तुम्ही आम्हाला भूगोलात वाफेपासून पाऊस, धुकं, हिम आणि गारा कशा होतात ते शिकवत होतात तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. तो सगळा धडा गेल्या बुधवारी माझ्या शीतगृहात, छपराखाली, आमच्या मालकांच्या साक्षीने पार पडला. त्यात माझी नोकरी जाता जाता राहिली. तुम्ही दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावलेलं ऐकण्याआधी मीच सांगतो.

आमचं शीतगृह तुम्ही पाहिलं आहेच. आत उणे अठरा अंश, चाळीस टन गोठवलेले वाटाणे, आणि बाहेर टेबलाशी व्यवस्थापक म्हणून मी. भिंतीला भिंत लागून तुमच्या भाचेसुनेची लाँड्री. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, दिवसभर उकळतं पाणी आणि चार इस्त्र्या. दोन्ही जागा पूर्वी एकच गोदाम होत्या, त्यामुळे मधल्या भिंतीत माल सरकवायची एक जुनी खिडकी आहे, जाड फळी ठोकून चार स्क्रूंनी बंद केलेली. यंदा उकाडा असा होता की इस्त्रीवाल्या बायकांना दुपारी घेरी यायला लागली. हिने एकदा सुचवलं, की ती फळी जरा काढली तर पलीकडची गार हवा इकडे येईल. मी नियम सांगितला. त्यावर ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेलो. (तुम्ही लग्नच केलं नाहीत, त्यामुळे दोन दिवस न बोलणं हा काय प्रकार असतो ते तुम्हाला कळायचं नाही.)

आता यात शास्त्र असं आहे, की गार हवा जड असते, ती खिडकीच्या खालच्या बाजूने लाँड्रीत गेली, आणि तिची जागा घ्यायला वरच्या बाजूने लाँड्रीची वाफाळ हवा आमच्याकडे आली. हे मला आज माहीत आहे. बुधवारी सकाळी एवढंच माहीत होतं, की फोर्कलिफ्टवाले दादा टोपी झटकत बाहेर आले आणि म्हणाले, "साहेब, आत काहीतरी पडतंय."

मी विचारलं, "कुठून पडतंय?"

"ते वरून पडतंय. पण वर काही नाही."

मी आत गेलो. समोरच्या रांगा धुक्यात बुडाल्या होत्या आणि त्या धुक्यातून पांढरे बारीक कण अगदी सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखे, वाटाण्यांच्या खोक्यांवर उतरत होते. खरं सांगतो आत्या, घडीभर मी सगळं विसरून हात पसरून उभा राहिलो. तेवढ्यात मागून माल भरणाऱ्या बायकांपैकी कुणीतरी "गॅस फुटला" म्हणाली आणि अर्ध्या मिनिटात सगळं शीतगृह रस्त्यावर आलं.

मालक आले, त्यांच्यापाठोपाठ यंत्रवाल्या कंपनीचे इंजिनिअर आले. हे गृहस्थ टक्कल असलेले, गंभीर, आणि प्रत्येक वाक्याआधी खिशातलं पेन काढून परत ठेवणारे. त्यांनी निदान केलं, की नळी गळते आहे, यंत्र आठ दिवस बंद ठेवावं लागेल. आठ दिवस म्हणजे वाटाण्यांचा लगदा, आणि माल भरणाऱ्या चौदा बायका घरी. मला तोपर्यंत खिडकीची आठवण झाली होती. पण मी इंजिनिअरांच्या निदानाला मान डोलावली.

तपासणीसाठी त्यांनी यंत्र थांबवलं. खिडकीजवळच्या छपराला सकाळपासून दहिवर गोठलं होतं, ते पलीकडच्या उष्णतेने वितळलं आणि मालकांवर पाऊस पडला. मोठा नाही, पण नेमका त्यांच्यावरच. इंजिनिअरनी घाईघाईने यंत्र पुन्हा सुरू करवलं. थोड्या वेळात छपराच्या पन्हळीला लोंबकळणारे थेंब जागीच गोठले, आणि यंत्राचा मोठा पंखा सुरू झाला त्या हादऱ्याने त्यातला एक सुटून इंजिनिअरांच्या टाळूवर टणकन बसला. ही खरी गार नव्हे, मला कल्पना आहे. खरी गार ढगात वाऱ्याबरोबर वरखाली होते आणि तिच्यावर बर्फाचे थर चढतात. पण त्या क्षणी ही सूक्ष्म बाब त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

सुटका केली ती दादांनी. त्यांनी खोक्यावरचं हिम चिमटीत धरलं, वितळू दिलं, हुंगलं आणि म्हणाले, "गॅस कसला? साबणाचा वास येतोय." इंजिनिअरनी भिंग काढलं. हिमाच्या कणांत कापसाचे तंतू सापडले, धुतलेल्या टॉवेलांचे. वाफेला गोठायला काहीतरी आधार लागतो, धुळीचा कण म्हणा, तंतू म्हणा, आणि तो मिळाला की मध्ये पाणी न होता तिचं सरळ हिम होतं. मी हे घडाघडा बोलून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या विषयात मला सगळं येत होतं. मालक प्रभावित झाले. ते म्हणाले, "मग एवढी वाफ आली कुठून?"

तिथे माझा भूगोल संपला.

दादांनी कडेची खोकी हलवली. मागे खिडकी सताड उघडी, आणि खिडकीत इस्त्री हातात घेतलेली तुमची भाचेसून. तिने आम्हा चौघांकडे पाहिलं आणि सहज विचारलं, "हवा मघाशी बंद का केली होतीत?"

मालकांनी माझ्याकडे वळून विचारलं, "ही फळी कुणी काढली?"

आणि आत्या, मी म्हणालो, "मला काही कल्पना नाही."

ही आत गेली, परत आली, आणि खिडकीतून माझ्या तळहातावर चार स्क्रू मोजून ठेवले. "हे तुमचे," म्हणाली, "नीट आवळून घ्या." मग इस्त्रीकडे वळली. उणे अठरा अंशांत मी अकरा वर्षं वावरतो आहे, पण मला थंडी वाजली ती तेव्हा.

नंतर मी मालकांच्या खोलीत जाऊन खरं काय ते सांगितलं. फळी मी काढली, तिने फक्त विचारलं होतं, शिक्षा मला करा. मालकांनी आधी डोक्यावरचं छप्पर पाहून घेतलं. मग त्यांनी मला लेखी समज दिली आणि लाँड्रीतली वाफ छपरावाटे बाहेर जावी म्हणून मोठा पंखा बसवायला सांगितलं. वाटाणे वाचले, बायका कामावर आहेत, इंजिनिअरांचं टेंगूळ उतरलं. एकूण सगळं मार्गी लागलं असं म्हणायला हरकत नाही. तब्येतीला जपा, जिना चढू नका.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. ही गुरुवारपासून तुमच्याकडे आहे, हे मला माहीत आहे. तुमच्या गुडघ्यांची सेवा करायला जाते म्हणाली, पण बॅगेत हिवाळ्याचेही कपडे होते. तेव्हा विनंती अशी, की हे पत्र स्वयंपाकघरात, ती जवळ असताना, वर्गात वाचायचात तसं मोठ्याने वाचावं. "मला काही कल्पना नाही" हे वाक्य गाळलंत तरी चालेल. मालकांच्या खोलीतला भाग दोनदा वाचावा.

ता. क. २. मालकांच्या खोलीत मी त्याच दिवशी गेलो असं वर वाटण्याचा संभव आहे. मी शनिवारी गेलो. लाँड्रीतल्या चौघीजणींनी माझे शर्ट इस्त्रीला घ्यायचं बंद केलं होतं, आणि दादा माझ्याशी हो-नाही एवढंच बोलत होते. हा भागही गाळावा.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तेवढ्यात इस्त्रीवाल्या मोठ्या बाई येऊन सांगून गेल्या, की हिचा काल फोन आला होता. म्हणाली, "त्यांचं पत्र येईलच. त्यातलं काय काय आत्यांना गाळायला सांगतात ते कळलं, की मग यायचं की नाही ते ठरवते." आत्या, पाया पडतो, काही गाळू नका.