फेस नसलेली बिअर

प्रिय दानिलो,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. कोंबड्यासुद्धा सगळ्या जिवंत आहेत. फोन असताना ही बाई कागद कशाला काळे करतेय असं तुला वाटेल, तर तेही कळेल, आधी बिअरच्या जत्रेचं ऐक. फ्रेसियाने तुला थोडं सांगितलंय हे मला ठाऊक आहे. पण तुझ्या बायकोला सगळ्यांची बाजू घेऊन बोलायची खोड आहे, त्यामुळे तिच्याकडून तुला काय समजलं असेल ते देव जाणे.

गुरुवारपासून उत्तरेचा पावसाळी वारा सुटला होता. इथे उत्तरेचा वारा म्हणजे काय हे तिकडे कलामाच्या वाळवंटात खाणीवर तीन वर्षं राहून तू विसरला नसशील अशी आशा करते. तळं काळंठिक्कर पडलं, गाई कुंपणाला पाठ लावून उभ्या राहिल्या. गाईंना जे कळतं ते ओक्तायच्या बिअर समितीला कळत नाही. त्यांनी शनिवारी सकाळी फुटबॉलच्या मैदानावर लग्नात लावतात तसले पांढरे, झालरीचे तंबू उभारले. दहा वाजेपर्यंत त्यातले दोन चर्चच्या कुंपणाला जाऊन लटकले. समितीचा तो गोल चेहऱ्याचा माणूस कर्णा घेऊन ओरडत होता, "मंडळी, जरासं भुरभुरतंय, काळजी नको, मजा करा!" तेवढ्यात त्याची टोपी उडाली आणि तो तिच्यामागे पळाला. दिवसभरात त्या माणसाने केलेलं तेवढंच एक उपयोगाचं काम, कारण निदान कर्णा तरी बंद झाला.

आणि माणसं काय एकेक! सांतियागोहून आलेली मंडळी छत्र्या घेऊन आली होती. छत्र्या, आपल्याकडे! दहा मिनिटांत सगळ्यांच्या काड्या आभाळाकडे. बिअर बनवणारे तर विचारूच नकोस. प्रत्येकाची दाढी एकासारखी एक, जणू पेरू आणि ओक्ताय यांच्या मधल्या सगळ्या न्हाव्यांनी संप केलाय. बिअरची नावं ऐक: 'रागावलेला कोल्हा', 'विधवेचा मुका'. एकाने तर समुद्राचं शेवाळ घालून बिअर केली होती. आम्ही लहानपणी शेवाळ खायचो ते घरात दुसरं काही नसायचं म्हणून, आणि हा दीडशहाणा ते ग्लासात घालून मिरवतोय. माझ्यासमोर एक पोरगा नाक ग्लासात खुपसून म्हणाला, "ओल्या लाकडाचा गंध येतोय, आणि मागून हलकासा जर्दाळू." मी म्हटलं, "बाळा, ओलं लाकूड हुंगायचं असेल तर माझ्या परसात ये, ढीग पडलाय. फुकट हुंग." तो हसला, त्याला वाटलं म्हातारी प्रेमाने बोलतेय. तुझे बाबा चाळीस वर्षं सफरचंदं आंबवून चिचा गाळत आले. तिला कधी नाव नव्हतं. चिचा ती चिचा. प्यायची, तोंड पुसायचं, कामाला लागायचं.

मी तिथे गेले कशाला, असं तू विचारशीलच. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण फ्रेसियाने बुधवारी सांगितलं की वारासचे हॉटेलवाले एवाल्दसाहेब जत्रेत येणार आहेत, गच्चीवर डिसेंबरपासून संबंध उन्हाळाभर पाजायला एकच बिअर निवडणार आहेत, आणि तुझी बिअर, तू सांगतोस त्या प्रमाणाने फ्रेसिया करते ती, त्यांनी आधी एकदा चाखून मान डोलावली होती. "हे जमलं ना आई, तर दानिलोला खाण सोडता येईल. नवीन वर्षाला तो घरी," असं ती म्हणाली. बटाटे सोलत होती, वर बघितलंसुद्धा नाही. मी त्या रात्री झोपले नाही. सकाळी पिठाची पोती बांधली, डुकराच्या चरबीचा डबा घेतला आणि सांगून टाकलं की तुमच्या त्या कडू पाण्यासोबत माणसांना काहीतरी खायलाही लागतं, मी सोपाइपिया तळते. फ्रेसिया हो म्हणाली. नको म्हणायचं तिला धाडस नाही, हे तिचं तुझ्यासारखंच आहे.

तुझ्या बायकोने आमच्या तंबूपुढे खडूने सुरेख फळा लिहिला आणि तो पावसात उघडा ठेवला. अर्ध्या तासात फळ्यावर फक्त तुझ्या आडनावाचं 'बा' उरलं. मग ती तंबूची दोरी धरायला धावली. जाताना मला म्हणाली, "आई, ग्लासांना हात लावू नका. लावलाच तर नुसतं गरम पाणी घ्या, आणि पुसायला ते निळं फडकं. चरबीचा हात जरा जरी लागला तर फेस मरतो." मी मनात म्हटलं, बघा बाई, फेस मरतो म्हणे, जसं काही लेकरूच! लोक फेस पितात की त्याच्याखालचं पितात? साबणाशिवाय भांडी धुणारी बाई या मुलीच्या आधी मी जन्मात बघितली नव्हती. सगळे ग्लास मी साबणाच्या पाण्यातून काढले आणि एप्रनच्या टोकाने असे लख्ख पुसले की त्यात तोंड दिसावं. कढईजवळ सकाळपासून हात पुसायला तेच एप्रन होतं. ग्लास रांगेने मांडले आणि मला बरं वाटलं. म्हटलं, या घरात एक तरी माणूस स्वच्छता जाणतं.

एवाल्दसाहेब दुपारी आले. हॅटच्या काठावरून पाणी गळत होतं, तरी स्त्रियांसमोर ती काढली, तेवढं मला आवडलं. फ्रेसियाने ग्लास तिरका धरून पिंपाच्या नळाखाली लावला. फेस वर आला आणि उतू जाणारं दूध गॅस बंद केल्यावर बसतं तसा बसला. तिने दुसरा ग्लास घेतला. तेच. तिसरा. साहेबांनी एक घोट घेतला, ग्लास उजेडात धरला आणि अगदी हळू म्हणाले, "चव वाईट नाही, मुली. पण मेलेली आहे. माझ्या गच्चीवर माणसं आधी डोळ्यांनी पितात." आणि गेले. कुठे गेले, तर त्या शेवाळवाल्याकडे. त्याच्या ग्लासावर फेस असा बसला होता की त्यावर नाणं ठेवलं असतं तरी बुडालं नसतं.

फ्रेसियाने पिंप तपासलं, त्याला जोडलेला गॅस तपासला, मग ओल्या खोक्यावर बसून राहिली. थोड्या वेळाने गाडी आणायला गेली. शेजारच्या तंबूत तेओफिलोकाका होते, तेच ओसोर्नोच्या वाटेवर कुखेन केक आणि बिअर विकणारे, तुला पहिलं यीस्ट देणारे. ते सोपाइपिया मागायला आले. आमचा एक रिकामा ग्लास उचलला, आतून बोट फिरवलं, बोटं चोळली, हुंगली. "ओर्फेलिना, यात डुक्कर आहे गं!" म्हणाले आणि खो खो हसले. मग त्यांचं लक्ष माझ्या एप्रनकडे गेलं आणि हसणं थांबलं. मी एप्रन सोडून पिशवीत कोंबलं. ते म्हणाले, "पोरीला तू सांगतेस की मी सांगू?" मी म्हटलं, मी सांगते.

फ्रेसिया आली ती नखशिखांत भिजून. मला म्हणाली, "आई, यीस्टच बिघडलं असणार. दानिलोने सांगितलेलं प्रमाण माझ्याकडून चुकलं, नाहीतर त्याचंच चुकलं." तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही. आणि माझ्या तोंडून निघालं, "मी म्हटलंच होतं." तुला ठाऊक आहे हे वाक्य माझ्या जिभेवर कसं बसलंय. तू पहिली टाकी आणलीस तेव्हा मी हेच म्हटलं. तीन वर्षांपूर्वी नाताळात, पंधरा माणसांसमोर, तुझ्या बिअरने मी भिंतसुद्धा सारवणार नाही असं बोलले, सगळे हसले, आणि फेब्रुवारीत तू उत्तरेची बस पकडलीस. लोकांना मी सांगते की तू पगारासाठी गेलास. गाडीत फ्रेसियाने तुला फोन लावला तेव्हा तुझा आवाज मला ऐकू येत होता. "माझ्या हाताला यशच नाही, विकून टाक टाक्या." मी खिडकीबाहेर बघत होते. बघण्यासारखं काही नव्हतं, काचेवर पाणी होतं.

मंगळवारी मी फ्रेसियाला सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं, मला ते बरंही वाटलं असतं. ती ओरडली नाही. म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्याला सांगा. आणि फोनवर नको. फोनवर तुम्ही रडाल आणि तो लगेच 'जाऊ दे आई' म्हणेल. लिहून पाठवा, म्हणजे त्याला दोनदा वाचता येईल." मुलगी मला वाटते तेवढी बावळट नाही, हे तिला सांगू नकोस. म्हणून हे पत्र. तुझं यीस्ट चांगलं होतं, प्रमाण चांगलं होतं, तुझ्या हाताला यश आहे. फेस मी मारला. फ्रेसियाने बजावलं होतं, मी ऐकलं होतं, आणि तुम्हा दोघांना काही कळत नाही असं मला ठाम वाटत होतं म्हणून मारला. तू घरी यावास म्हणून त्या पावसात गेले आणि तुझी वाट मीच बुजवून आले. ओसोर्नोचं टाक्यांचं गिऱ्हाईक तुझं उत्तर येईपर्यंत थांबेल, फ्रेसियाने त्याला थांबवलंय. विकू नकोस, दानिलो. काल मी दोन बाटल्या घेऊन बसने वारासला गेले. एवाल्दसाहेबांना सगळं सांगितलं, त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांच्यासमोर ग्लास नुसत्या गरम पाण्याने धुतला आणि ओतली. फेस उभा राहिला. त्यांनी ग्लास उजेडात धरला, एक घोट घेतला. मग म्हणाले की या उन्हाळ्याचं त्या शेवाळवाल्याला कबूल केलंय, शब्द मोडता येणार नाही, मार्चमध्ये, उन्हाळा सरला की, पुन्हा आणा. दुसरा ग्लास भरून त्यांनी माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "तुम्ही घरचं माणूस, तुम्हाला कशी लागते ही?" सहा वर्षं मी तिला नावं ठेवतेय, दानिलो, आणि एकदाही तोंडाला लावली नव्हती. काल लावली. चांगली आहे रे. खूप चांगली आहे.

तुझीच, आणि या वेळी तुला काहीही न म्हणणारी,
आई