बोंड्याचं आवतन

सक्करदरा, नागपूर
२५ ऑगस्ट २०२५

चि. गुंजन हीस बाबांचे आशीर्वाद. केयूररावांनाही सांग.

मी बरा आहे. पाऊस चालू आहे. शेजारच्या शोभाताई अजूनही दुसऱ्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजतात. फोनच करणार होतो, पण फोनवर मी ‘बरं, ठेवतो’च्या पुढे जात नाही, हे तुला ठाऊक आहे.

बोंड्याही बरा आहे.

म्हणजे कालपासून. त्याआधीचं सांगतो, रागावू नकोस.

तुझी आई होती तोवर रोज दुपारी त्याला मांडीवर घेऊन विंचरायची. ती गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं आणि वर्षभर मी ते टाळलं. फणी हातात घेतली की तिची रिकामी खुर्ची दिसायची, मग फणी परत ठेवून द्यायचो. सशाच्या पोटाखाली, कानामागे केसांच्या गाठी झाल्या. कापसाच्या बोंडासारखा म्हणून तू त्याचं नाव ठेवलंस, तो जुन्या गादीतल्या कापसासारखा दिसायला लागला.

गुरुवारी खांदमळणी होती. गावी मौद्याला असताना पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैल धुवायचो, तूप-हळद लावून त्यांचे खांदे चोळायचो. बैल विकून नऊ वर्षं झाली, पण त्या दिवशी हात स्वस्थ बसेनात. बोंड्याला न्हाणीत नेलं, ऊन पाण्यानं चोळून धुतलं, खांद्याला तूप-हळद लावली आणि कानात म्हटलं, “आज आवतन घे, उद्या जेवाले ये.” वर्षभरात घरात कुणाला जेवायला बोलावलं ते एवढंच.

रात्रभर तो ते तूप चाटत होता. सकाळी कपाटामागे निपचित पडलेला. कान गार, एक लेंडी नाही. सांबार पुढे केला तर तोंड फिरवलं. (पुण्यात सांबार मागितला की कोथिंबिरीऐवजी इडलीवरचा देतात, हे तू आईला फोनवर सांगितलं होतंस. ती आठवडाभर हसत होती.) आईच्या लुगड्यात गुंडाळून ऑटोनं दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण तुझ्याच वयाची. म्हणाली, “काकाजी, सशाले कोनी आंघोळ घालते का? थंडीनं, भेवानं मरून जाते तो. अन् हे तूप काहून लावलं? चाटून चाटून पोटात केसच केस गेले त्याच्या.”

“पोळा आहे,” मी म्हणालो.

“पोळा बैलाचा असते, काकाजी.”

तिनं गाठी कापल्या. त्याच्या दाढाही वाढल्या होत्या. गवत चावून त्या झिजतात म्हणे, आणि मी गवत आणायचा कंटाळा करून त्याला पोळी चारत होतो. ‘इतकं दुखत होतं तर कळलं कसं नाही?’ असं मी विचारलं, तर म्हणाली, “ससा सांगत नाही. दुखलं का कोपऱ्यात गप बसून राह्यते. घरच्यायनंच पाहा लागते.”

तिथंच मला तू आठवलीस.

गुंजन, आईच्या तेरवीला तू दिवसभर पंगतीत वाढलंस. स्वतः घासभरही खाल्लं नाहीस. आपल्या बाटलीतलं पाणी प्यायलीस आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. लोकांना मी सांगितलं, पोरीचा उपास आहे. उपास नव्हता, हे मला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी कोर्टात लग्न करून तू दारात आलीस तेव्हा मीच बोललो होतो, “या घरातलं तुह्यं जेवन आजपासून संपलं.” तू विसरली असशील, असं मी सोयीनं धरून चाललो होतो. तू अक्षरशः पाळलंस. मी तुला बोलवीन म्हणून तुझी आई जाईपर्यंत माझ्याकडे पाहत राहिली, आणि मी ताटात पाहत राहिलो. चूक माझी होती, पोरी.

दोन दिवस बोंड्याला सिरिंजनं पातळ खाणं भरवलं. काल दुपारी त्यानं आपणहून सांबाराची एक काडी ओढली आणि कुरकुर खाल्ली. मी इतक्या मोठ्यानं रडलो की शोभाताई शिट्ट्या सोडून धावत आल्या.

आता रोज विंचरतो. पण पोटाखालचं मला जमत नाही. एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं विंचरायचं, असं ते काम आहे. घरात दुसरं कुणी नाही.

बैलाला बोलावलं, सशाला बोलावलं. जिला बोलवायचं तिला तीन वर्षांत बोलावलं नाही. केयूररावांना घेऊन ये. दिवस तू ठरव, पुरण मी शिजवतो, बिघडलं तर हस.

आज आवतन घे, पोरी. उद्या जेवायला ये.

ताटावर वाट पाहणारा,
तुझा बाबा