ऊरपटावरचं कोरं रत्न

पिंप्राळा, शनिवार

उद्या संडेस्कूलमध्ये ऊरपट शिकवायचाय. प्रमुख याजकाच्या छातीवरचा हा पट, त्यावर बारा रत्नं, प्रत्येकावर इस्राएलाच्या एका वंशाचं नाव. लोकांना पवित्रस्थानात जाता येत नसे, पण त्यांची नावं याजकाच्या काळजाला लागून आत जात. आपला याजक येशू आपली नावं तशीच नेतो, एवढं मुलांना कळलं तरी पुरे. चित्र काढून ठेवलंय.

आणि आज आबा माझं नाव विसरले.

संध्याकाळच्या प्रार्थनेत आबा घरातल्या प्रत्येकाचं नाव घेतात, मी लहान होते तेव्हापासून. हल्ली त्यांना फारसं आठवत नाही, जेवूही मीच घालते. आज बोदवडच्या अक्काचं घेतलं, तिच्या मुलांचं घेतलं आणि माझ्यापाशी येऊन थांबले. हळूच सांगावं का? शेवटी डोळे उघडून पाहिलं, तर आबांनी हात छातीवर घट्ट धरलेला.

“माले जेवाडस ती पोर, देवबापा,” ते म्हणाले. “तिले सांभाळ.”

आत्ता चित्रातल्या रत्नांवर नावं लिहायला बसले. एक रत्न मुद्दाम कोरं ठेवलंय. मुलांनी विचारलं तर सांगेन, कोरं असलं तरी ते छातीवरच आहे.